बजेट बत्तीस हजार, मुक्काम फुलसावंगी

लोणावळा झालं, अलिबाग झालं, गोवा तर ऑफिसच्या ऑफसाइटलाही झालं. आता एक हटके नाव सांगतो. फुलसावंगी! ऐकलंय? नसेल, तर नकाशावर नांदेड आणि यवतमाळ यांच्या मधे कुठेतरी बोट ठेवा. तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ. विदर्भ संपता संपता आणि मराठवाडा सुरू होता होता, पैनगंगेच्या खोऱ्यातलं हे गाव. रिसॉर्ट नाही, रेन डान्स नाही, कॉफी शॉप तर नाहीच. कपाशी आहे, तूर आहे, आजूबाजूला बंजारा तांडे आहेत आणि थंडीत सकाळी सकाळी चुलीच्या धुरात मिसळलेला भाकरीचा वास आहे. माझं आजोळ इथलं.

आणि तुम्ही म्हणाल, वर तर ड्रम किटचं बजेट लिहिलंय, त्याचं काय? तेच सांगतोय. पहिला इलेक्ट्रॉनिक ड्रम किट कोणता घ्यावा, या प्रश्नाचं सर्वांत झकास उत्तर मला कुठल्याही चकाचक शोरूममध्ये मिळालं नाही. ते मिळालं फुलसावंगीत, मामाच्या ओसरीवर. आणि दिलं माझ्या मामेबहिणीनं.

रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळचा चहा

पुण्याहून पुसद-उमरखेडकडे रात्रीच्या ट्रॅव्हल्स सुटतात. रेल्वेनं जायचं तर नांदेड गाठायचं. मुंबईहून नंदिग्राम एक्सप्रेस आहेच. नांदेडहून पुढे हदगाव, उमरखेड, महागाव असा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आपल्याला घेऊन जातो. वर्धा-यवतमाळ-पुसद-नांदेड रेल्वेमार्गाची चर्चा माझ्या लहानपणापासून प्रत्येक लग्नात जेवणाच्या पंगतीत व्हायची. त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २०२४ मध्ये सुरू झाला. पण फुलसावंगीला जायला मात्र शेवटी एसटी, काळी-पिवळी किंवा मामाची मोटारसायकल!

जानेवारीत गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची बोंडं फुटलेली दिसतात. बाया ओटीत कापूस वेचत असतात. दुपारी जेवायला ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, ठेचा आणि तुरीच्या सोल्यांची आमटी. ताव मारा आणि ओसरीवर आडवे व्हा. डाएट सोमवारपासून.

गावाचं नाव बातम्यांत आलं तेव्हा

बाहेरच्या जगाला हे नाव कळलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये. गावातल्या एका चोवीस वर्षांच्या तरुण वेल्डरनं यूट्यूबवर बघून, जुने सुटे भाग जमवून चक्क एक माणूस बसेल असं हेलिकॉप्टर बनवायला घेतलं होतं. रात्री चाचणी घेताना मागचा पंखा तुटला, मोठ्या पंख्यावर आदळला आणि त्यात तो गेला. टीव्हीवर दोन दिवस बातमी चालली. गावात ती अजून चालू आहे.

हे मुद्दाम सांगतोय, कारण मामाच्या घरातला ड्रमचा प्रश्न याच्याशी जोडलेला होता. मामेबहीण बीएस्सी करते, गावातल्या पोरांच्या ट्यूशन्स घेते आणि गेली दोन वर्षं यूट्यूबवर बघून ड्रम शिकते. ड्रम नसताना! उशी, स्टीलचा डबा आणि पाटावर दुमडून ठेवलेली सतरंजी, हा तिचा किट. ट्यूशनचे साठवलेले बावीस हजार आणि कापूस विकल्यावर मामा देणार होता ते दहा, असं बत्तीस हजारांचं बजेट तयार होतं. पण मामाचं मन तयार नव्हतं.

"यूट्यूबवर पाहून शिकते म्हणते, म्हणून भेव लागते बाप्पा," मामा म्हणाला. "करंट लागला, काही फुटलं तं? एक पोरगं गेलं आमचं गावातलं."

यावर हसायचं नसतं. मी सरळ स्वयंपाकघरात गेलो आणि मामीचा गॅस लायटर घेऊन आलो.

लायटर आणि ड्रम यांचं नातं

लायटर दाबला की टक् आवाज येतो आणि ठिणगी पडते. त्यात सेल नसतो, वायर नसते. आत एक छोटा स्फटिक असतो, त्याच्यावर ठोका बसला की वीज तयार होते. याला पिझो म्हणतात. १८८० मध्ये फ्रान्समधल्या जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी हा गुण शोधून काढला. (होय, तेच पिएर क्यूरी, मादाम क्यूरींचे पती!)

इलेक्ट्रॉनिक ड्रमचं पॅड म्हणजे हाच खेळ, फक्त खूप छोट्या प्रमाणावर. रबराखाली किंवा जाळीखाली नाण्याएवढी पिझो चकती चिकटवलेली असते. काठी बसली की तिच्यातून एक इवलासा सिग्नल निघतो आणि वायरनं मॉड्यूल नावाच्या डब्यात जातो. मॉड्यूल बघतं, ठोका कुठल्या पॅडवर आणि किती जोरात बसला. मग आत साठवलेला आवाज तेवढ्याच जोरात वाजवतं. हळू मारलं तर हळू, दणकून मारलं तर दणदणीत. बस्स, एवढंच! अख्खा किट मोबाईलच्या चार्जरसारख्या छोट्या अडॅप्टरवर चालतो. पॅडवर करंट लागायचा प्रश्नच नाही.

मामानं लायटर चार वेळा टकटक करून पाहिला. "मंग ठीक आहे," म्हणाला. पहिला गड सर!

बाजारात आहे काय?

आता मुद्द्यावर येऊ. पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी ढोबळमानानं चार वाटा आहेत.

पहिली, अगदी स्वस्तातली. रबरी प्रॅक्टिस पॅड आणि काठ्यांची जोडी. दीड-दोन हजारांत काम होतं. आवाज नाही, लाइट नाहीत, मित्रांपुढे शायनिंग नाही. पण हात खरोखर यातच तयार होतो.

दुसरी, टेबलावर ठेवायचा ड्रम. यामाहाचा डीडी-७५ हे त्यातलं ओळखीचं नाव. आठ पॅड, दोन पायपेडल, आतच स्पीकर आणि बॅटरीवरही चालतो. वीस-पंचवीस हजारांच्या घरात. पॅड छोटे, पाय मात्र खऱ्या ड्रमसारखे वाजत नाहीत.

तिसरी, पूर्ण किट. स्नेअर, टॉम, हाय-हॅट, सिम्बल, किक, सगळं स्टँडवर. अलेसिसचा नायट्रो मेश २०१८ मध्ये आला आणि बजेट किटमध्येही जाळीचे पॅड मिळायला लागले. २०२३ च्या नायट्रो मॅक्समध्ये स्नेअर मोठा झाला, ब्लूटूथ आलं. यामाहाच्या डीटीएक्स४०२के मध्ये पॅड रबराचे, पण मॉड्यूलमधले सरावाचे धडे छान. या रेंजमधले किट साधारण पस्तीस ते पन्नास हजारांत येतात.

चौथी वाट म्हणजे आपला, अस्सल मराठी मातीत रुजलेला जपानी पाहुणा... ऑक्टापॅड! रोलंड कंपनीनं १९८५ मध्ये पॅड-८ हे आठ पॅडचं यंत्र काढलं, त्याचं नाव ऑक्टापॅड. पुढे १९९८ मध्ये एसपीडी-२० आला, २०१० मध्ये एसपीडी-३०. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा, लग्नाचे बँड, भीमगीतांचे कार्यक्रम, देवीचा जागर, सगळीकडे हा पोचला. इतका की कुठल्याही कंपनीचं असलं यंत्र दिसलं तरी आपण त्याला ऑक्टापॅडच म्हणतो. ढोलकी, तबला, घुंगरू, ड्रम, सगळं एका पाटाएवढ्या डब्यात.

माझं मत ठाम होतं. शिकायचं असेल तर पूर्ण किट. दोन हात आणि दोन पाय वेगवेगळे चालवणं हाच ड्रमचा खरा फंडा. ऑक्टापॅडवर हात तयार होतात, पायांचं काय? मी तिला लॅपटॉपवर व्हिडिओ दाखवले, तुलना दाखवली, एक्सेल शीट दाखवलं. (आयटीवाल्याला दुसरं काय येतं?)

तिनं विचारलेला एक प्रश्न

तिनं सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "दादा, हेडफोन काढले तं हे वाजते काय?"

नाही वाजत. किटला स्वतःचा स्पीकर नसतो. हेडफोन काढला की बाहेर फक्त काठीची टपटप. मी कौतुकानं सांगितलं की हाच तर त्याचा सर्वांत मोठा प्लस पॉइंट! फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी वरदान! खरा ड्रम सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो आणि आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा आहे दिवसा ५५ आणि रात्री ४५. म्हणजे सोसायटीत खरा ड्रम आणला की सेक्रेटरी दारात. हेडफोनचा किट असेल तर रात्री अकरालाही बिनधास्त.

"म्हणजे मले आयकू येईन, गावाले नाही," ती म्हणाली. "मले उलटं पाह्यजे."

एक क्षण काही सुचलंच नाही. मी ज्याला सोय समजत होतो, ती तिच्यासाठी अडचण होती. फुलसावंगीत कोणी मुलगी ड्रम वाजवत असेल आणि तो आवाज तिच्या कानांबाहेर जाणार नसेल, तर उशी आणि डबा काय वाईट होता? घरातल्या घरात, कोणाला कळू न देता वाजवायला तिला कधीच कोणी अडवलं नव्हतं. प्रश्न बाहेर वाजवण्याचा होता. बायकांच्या भजनी मंडळात ती खंजिरी वाजवते. तुकडोजी महाराजांच्या विदर्भात खंजिरीला वेगळा मान आहे, बायकांच्या हातात ती शोभूनही दिसते. पण पंचक्रोशीत कार्यक्रम असला की ऑक्टापॅडवर नेहमी कोणीतरी भाऊ बसतो, तोही भाड्यानं बोलावलेला. त्याला सुपारी मिळते, मंडळाला मिळतो नारळ.

तिचं गणित तयार होतं. पूर्ण किट एसटीत नेता येत नाही, पाटाएवढा पॅड पिशवीत मावतो. किट जोडायला अर्धा तास, पॅडला दोन मिनिटं. मंडळाकडे अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आधीच आहेत, म्हणजे तो खर्च वाचला. भजनाला ढोलकी-तबल्याचे आवाज लागतात, बहुतेक पूर्ण किटमध्ये रॉकचे ड्रमच जास्त. आणि पायाचं काय? तर तिनं आधीच शोधून ठेवलं होतं की एसपीडी-२० सारख्या पॅडला मागे जॅक असतात, किकचा पॅड आणि हाय-हॅटचं पेडल नंतर जोडता येतं.

"आत्ता हात, दिवाळीले पाय," तिनं जाहीर केलं. माझं एक्सेल शीट बंद!

नांदेडची वारी

नवा पॅड बत्तीसमध्ये बसत नव्हता. मग सेकंडहँड. ऑर्केस्ट्रावाले यंत्र बदलत असतात, त्यामुळे या बाजारात माल बऱ्यापैकी फिरतो. ओळखीतून नांदेडला दोन पत्ते मिळाले. मामा, ती आणि मी, तिघं सकाळच्या एसटीनं निघालो.

पहिला पॅड दिसायला नवाकोरा. विकणाऱ्यानं स्वतः दणादण वाजवून दाखवला. झक्कास वाटला. मग ती पुढे झाली आणि प्रत्येक पॅडवर बोटानं अगदी हळू टिचक्या मारायला लागली. सहा पॅड बोलले, दोन गप्प. जोरात मारलं की वाजायचे, हळू मारलं की नाही. शिवाय एक पॅड मारला की शेजारचाही मधूनच वाजायचा. याला क्रॉसटॉक म्हणतात. कधी सेटिंगनं सुटतो, कधी सेन्सरच गेलेला असतो. विकणारा म्हणाला, "स्टेजवर एवढं हळू कोण वाजवते?"

"भजनात वाजवतात," ती म्हणाली आणि उठली.

दुसरा पॅड ओरखड्यांनी भरलेला, एका कोपऱ्यावर चिकटपट्टी. पण आठही पॅड टिचकीपासून दणक्यापर्यंत इमानदारीनं बोलले. अडॅप्टर मूळचा होता. मागचे सगळे जॅक तिनं वायर घालून, हलवून पाहिले. घासाघीस मामानं केली. कापसाच्या व्यापाऱ्यापुढे आयुष्य गेलेल्या माणसासमोर ऑर्केस्ट्रावाला किती टिकणार? सौदा सव्वीस हजारांत तुटला. उरलेल्या सहांतून स्टँड, काठ्या आणि एक चांगली वायर. थोडे पैसे किकच्या पेडलसाठी बाजूला.

येताना मामानं पॅड मांडीवर घेतला. तीन तास. रॅकवर ठेवू दिला नाही.

त्याच आठवड्यात मंडळाच्या सरावाला ती पॅड घेऊन गेली. स्पीकर दाराकडे तोंड करून लावला होता. पहिल्या दहा मिनिटांत शेजारची पोरं जमली, मग त्यांच्या आया, मग पाराजवळचे दोन-चार म्हातारे. एका आजोबांनी मामाला विचारलं, "कोण वाजोते रे?" मामानं नुसती मान आत वळवून दाखवली. बोलला काही नाही. पण त्या रात्री जेवताना त्यानं स्वतःहून विचारलं, ते पायाचं पेडल केवढ्याला येते म्हणून.

आणि तुमच्या-माझ्या फ्लॅटसाठी?

मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझी गरज तिच्या बरोब्बर उलटी. मला शिकायचंय, पण कोणाला ऐकू जाता कामा नये. म्हणून माझ्यासाठी जाळीचा पूर्ण किट आणि हेडफोन. पैसे जवळपास सारखेच आणि खरेदी पूर्ण वेगळी. तेव्हा ब्रँडच्या भांडणात पडण्याआधी स्वतःला हे विचारा.

कोणाला ऐकू जायला हवं? फक्त मला, की समोरच्यांना? समोरच्यांना असेल तर अ‍ॅम्प्लिफायरचे पैसे बजेटमध्ये धरा. साधा कॉम्प्युटर स्पीकर किकचा आवाज पेलत नाही.

यंत्र घरात राहणार की फिरणार? फिरणार असेल तर वजन आणि जोडणीचा वेळ किमतीइतकाच महत्त्वाचा.

किमतीत काय काय येतं? बऱ्याच किटबरोबर स्टूल, हेडफोन येत नाहीत, काहींबरोबर किकचं पेडलही नाही. चाळीसचा किट घरी येईपर्यंत अठ्ठेचाळीसचा होतो. म्हणून किटसाठी बजेटच्या ऐंशी टक्केच ठेवा.

पॅड जाळीचा की रबराचा? जाळीवर आवाज कमी आणि मनगटाला आराम. रबर टिकाऊ, पण टपटप जास्त. एकाच जागी जाळी घेता येणार असेल तर ती स्नेअरला घ्या, सर्वाधिक ठोके तिथेच बसतात.

खालचे शेजारी कसे आहेत? हेडफोन घातला तरी किकची धडधड स्लॅबमधून खाली जाते. जाड रबरी मॅट टाका. त्यानं भागलं नाही तर दोन प्लायच्या मधे टेनिस बॉल बसवून छोटा प्लॅटफॉर्म करा. जगभरचे ड्रमर हेच करतात आणि खर्च किटच्या मानानं किरकोळ.

सेकंडहँड घेताय? मग फुलसावंगी टेस्ट! विकणाऱ्याला वाजवू देऊ नका. स्वतः प्रत्येक पॅड आधी हळू, मग मध्यम, मग जोरात. सिम्बल मारून हातानं पकडा, आवाज थांबतो का बघा. हाय-हॅट अर्धा उघडा ठेवून वाजवा. वायर हलवा. अडॅप्टर मूळचा आहे का, नसेल तर व्होल्टेज आणि प्लस-मायनस जुळतात का, ते यंत्रावर छापलेलं असतं, वाचा. ज्या गावात लाइट ये-जा करते तिथे इन्व्हर्टर किंवा स्टॅबिलायझरवरच लावा.

जायचंय?

हिवाळा बेस्ट. फुलसावंगीत नातेवाईक नसतील तर मुक्काम माहूरला करा. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेली रेणुकामाता, दत्तशिखर, किल्ला, सगळं तिथेच. पावसाळ्यात गेलात तर पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा चुकवू नका. पाण्याचा असा दणका की कुठलंही मॉड्यूल फिकं पडावं! मधल्या रस्त्यावर एखाद्या गावात संध्याकाळी भजनाचा आवाज आला तर गाडी थांबवा, पारावर टेका. चहा कोणीतरी आणून देईलच.

आणि ढोलकीच्या ठेक्यात मधेच एखादा चुकार सिम्बल ऐकू आला, तर वाकून आत बघा. पॅडवर कोण बसलंय ते कळेल.